घरच्या बागेसाठी श्रेडर घेताय? वॉट नंतर बघा, आधी ढीग बघा

सोलापुरात उन्हाळ्याची चाहूल लागली की ज्यांच्या घराभोवती चार झाडं आहेत त्या सगळ्यांपुढं एकच प्रश्न उभा राहतो, एवढ्या पाल्याचं आणि फांद्यांचं करायचं काय. कडुलिंब पानं टाकायला लागतो, बोगनवेल कंपाउंडच्या बाहेर गेलेली असते, शेवगा शेंगा संपल्यावर निम्म्यावर आणावा लागतो, मेंदीचं कुंपण, अशोक, जास्वंद हे वर्षभर चालूच, आणि हा सगळा ढीग गेटजवळ पडून राहतो कारण तो घंटागाडीत मावत नाही. मग एक दिवस कुणीतरी त्याला काडी लावतं आणि गल्लीभर धूर. हे खरं तर करायचंच नाहीये, 2016 च्या डिसेंबरमधे राष्ट्रीय हरित लवादानं उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली आणि साध्या जाळण्याला 5,000 आणि मोठ्या प्रमाणात जाळलं तर 25,000 रुपये दंड सांगितला. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांमधे बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा ठेवायचा असंही लिहिलं होतं. म्हणजे ढीग आपला आणि जबाबदारीही आपलीच.

मग लोक ऑनलाइन श्रेडर, म्हणजे फांद्या-पाल्याचा भुसा करणारं मशीन, शोधायला लागतात आणि पहिलं काय बघतात तर वॉट. 2000 वॉटचा घेऊ का 2500 चा. माझं म्हणणं एवढंच आहे की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. आधी बघायचं ते तुमच्या ढिगात काय काय आहे आणि मशीनमधून जे बाहेर पडणार त्याचं तुम्ही काय करणार. आपल्याकडं मे महिन्यात पारा 43-44 पर्यंत जातो, नळाला पाणी काही दिवसाआड येतं, काळी माती भेगाळते. अशा गावात श्रेडर हे कचरा संपवायचं मशीन म्हणून बघू नका, ते पाणी वाचवणारं आच्छादन तयार करायचं मशीन आहे. जिल्ह्यातले ऊसवाले शेतकरी पाचट न जाळता सरीत ठेवतात ते याचसाठी, ओल टिकावी म्हणून. तेच अंगणात करायचंय. आणि हे एकदा डोक्यात बसलं की कुठलं मशीन आपल्याला लागतं, आणि मुळात लागतं का, हे बऱ्यापैकी सोपं होतं.

लागतं का, हे आधी. तुमच्याकडं फक्त कडुलिंबाचा पाला पडत असेल तर श्रेडर घेऊच नका. कडुलिंबाची पानं बारीक असतात, आपल्या उन्हात दोन दिवसात कुरकुरीत होतात, पोत्यात भरून वरून पायानं तुडवली तरी चुरा होतो आणि तो तसाच कुंड्यांमधे, आळ्यात टाकता येतो. गच्चीवरची बाग असेल, सगळं कुंडीतलं असेल, तरीही नको. त्याला चांगलं सिकेटर म्हणजे छाटणीची कात्री पुरते, डाळिंबाच्या छाटणीला वापरतात तीच. संध्याकाळी बसून पेन्सिलीएवढ्या काड्यांचे बोट-बोटभर तुकडे करा, काम होतं. श्रेडर लागतो तो जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड अशा भागातल्या प्लॉटवाल्यांना, जिथं चारी बाजूनं झाडं आहेत आणि वर्षातून दोन-तीनदा कमरेएवढा ढीग होतो. किंवा मग चार-पाच घरांनी मिळून.

आता ढीग कसा वाचायचा ते सांगतो. खिशातलं दहाचं नाणं काढा. त्याचा व्यास 27 मिमी आहे. छाटलेल्या फांदीच्या तोंडावर ते ठेवायचं. फांदी नाण्याखाली पूर्ण झाकली गेली तर ती घरगुती श्रेडरमधे आरामात जाणारी फांदी. नाण्याच्या बाहेर थोडी दिसते, म्हणजे साधारण दीड नाण्यापर्यंत, तर ती 40 मिमीच्या आसपास, जाते पण मशीनचा घाम काढते. त्याच्या पुढची असेल तर ती श्रेडरची नाहीच, ती सरपणाची, ज्यांच्याकडं अजून बंब आहे त्यांना द्या, खुशीनं नेतील. मशीनच्या खोक्यावर 40 मिमी किंवा 45 मिमी लिहिलेलं असतं ती वरची हद्द असते, ताज्या आणि मऊ लाकडासाठीची, रोज तेवढी जाडी घालायची असा त्याचा अर्थ नाही. आणि एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, जाडी दुप्पट झाली की कापायचं लाकूड दुप्पट नाही तर चौपट होतं. 20 मिमीची फांदी आणि 40 मिमीची फांदी यात मशीनवरचा ताण चौपट. म्हणून ढिगातल्या बहुतेक फांद्या एका नाण्याच्या आत असतील तर मोठ्या मशीनच्या मागं लागू नका, आणि निम्म्या फांद्या दीड नाण्याच्या असतील तर छोटं मशीन घेऊन रोज त्याच्याशी भांडत बसू नका.

जाडीइतकंच झाड कुठलं आहे हेही महत्त्वाचं. शेवगा एकदम मऊ, कुठलंही मशीन खातं. जास्वंद, मेंदी, कढीपत्ता, पेरूच्या बारीक फांद्या, अशोक, हे सगळं ठीक. कडुलिंब ओला असताना चांगला जातो, वाळला की कडक. बाभूळ वाळली तर विसरा, पाती बोथट करून टाकेल. बोगनवेल आणि लिंबू काटेरी आणि वाकड्यातिकड्या, सरळ नळीसारख्या तोंडात त्या जातच नाहीत, आधी सिकेटरनं आडव्या काड्या तोडाव्या लागतात आणि अर्धा वेळ यातच जातो. नारळाची झावळी ही वेगळीच भानगड आहे, तिचे धागे शाफ्टला गुंडाळतात, घरगुती मशीन तिला दाद देत नाही, झावळीच्या काड्यांचा खराटा करा आणि देठ सरपणाला द्या हेच बरं. केळीचा खुंट पाणचट आणि धाग्यांचा, तोही नको. बांबू उभा चिरतो आणि पात्यांची धार घालवतो.

आपल्या हवेचा एक मुद्दा इथंच सांगतो कारण परदेशी माहितीपत्रकात तो सापडणार नाही. थंड देशात फांद्या महिना-महिना ओल्या राहतात, आपल्याकडं एप्रिल-मेमधे चार दिवसात त्या सुकून कडक होतात. ओलं लाकूड कापायला सोपं, वाळलेलं अवघड. त्यामुळं छाटणी आज आणि श्रेडर पुढच्या महिन्यात सवड मिळेल तेव्हा, असं करू नका. छाटल्यावर दोन-तीन दिवसात उरका. पानं तेवढ्यात थोडी कोमेजतात, ते चांगलंच, फार ओली पानं काही मशीनमधे लगदा करून अडकतात.

बरं, आता मशीनचे प्रकार. घरगुती इलेक्ट्रिक श्रेडर मुख्यतः दोन जातीचे असतात आणि दुकानदार दोन्हीला एकच नाव लावतो, म्हणून नीट समजून घ्या.

पहिला पात्यांचा. आत एक जाड चकती असते, तिच्यावर दोन पाती बोल्टनं बसवलेली, आणि ती मिनिटाला तीन-साडेतीन हजार किंवा त्याहून जास्त फेरे मारते. फांदी तोंडात आली की पाती तिचे छिलके काढत जातात. मशीन हलकं असतं, साधारण बारा किलोच्या आसपास, किंमत कमी, पाला, कोवळे शेंडे, बारीक काड्या असं मिक्स सामान पटापट जातं. दोष असे की आवाज फार, फांदी स्वतः आत ओढत नाही म्हणजे तुम्हाला उभं राहून ढकलावी लागते, हाताला झटके बसतात, आणि ओला पाला एकदम घातला तर बाहेर पडायची वाट बुजते. यावर उपाय म्हणजे दोन मुठी पाला, मग एक फांदी, परत पाला, परत फांदी. फांदी आतला लगदा ढकलून बाहेर काढते. पाती बहुतेक वेळा दोन्ही बाजूनं धारेची असतात, एक बाजू बोथट झाली की उलटी करून लावायची.

दुसरा रोलरचा, याला सायलेंट श्रेडर पण म्हणतात. यात दात असलेला जाड रोलर गिअरवर अगदी सावकाश फिरतो, मिनिटाला चाळीस-पन्नास फेरे, आणि फांदीला समोरच्या प्लेटवर दाबून चिरडत तोडत नेतो. रसवंतीच्या चरकात ऊस जसा एकदा टोक धरलं की आपोआप आत जातो, तशी फांदी आत ओढली जाते, तुम्ही फक्त टोक द्यायचं आणि पुढची फांदी उचलायची. आवाज पुष्कळ कमी. बोगनवेलीसारख्या काटेरी फांद्यांना हे फार बरं पडतं कारण हात लांब ठेवता येतो. अडकलं तर उलटं फिरवायचं बटण असतं. दोष म्हणजे जड, पंचवीस-तीस किलो, किंमत जास्त, आणि नुसता पाला घातला तर हे मशीन काही करत नाही, पानं दातात लोळत बसतात. आणखी एक, रोलर आणि प्लेट यात अंतर वाढलं की तुकडे पूर्ण तुटत नाहीत, सालीनं एकमेकांना लटकून बाहेर येतात. लोकांना वाटतं मशीन खराब झालं, पण बाजूला एक स्क्रू असतो, मशीन चालू ठेवून तो थोडा थोडा आवळायचा, प्लेटचा अगदी बारीक कीस खाली पडायला लागला की थांबायचं. एवढंच.

या दोन्हीच्या मधला एक प्रकार येतो, त्यात रोलरच्या जागी धारदार कडांचा मोठा ड्रम असतो, तो सावकाश फिरतो पण चिरडण्यापेक्षा कापतो जास्त, आणि पानाफांद्यांचं मिक्स सामान बऱ्यापैकी घेतो. चांगला प्रकार आहे, पण महाग, आणि सुटे भाग कुठून येणार हे आधी विचारल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका.

मग आपल्याकडं हमखास कुणीतरी म्हणतं, एवढं कशाला, जनावरांचा चारा बारीक करायची कडबा कुट्टी घ्या की. मंगळवेढा-बार्शीकडं ज्वारीचा पट्टा आहे, कुट्टी मशीन गावोगाव आहे, सुटे भाग कुठंही मिळतात, त्यामुळं हा विचार येणं साहजिकच आहे. आणि कोवळं सामान असेल तर कुट्टी खरंच उत्तम चालते, गवत, जास्वंदीचे शेंडे, शेवग्याच्या कोवळ्या फांद्या. पण लाकडासाठी ती बनलेलीच नाही, पात्याला टवके जातात, आणि तिचे दातेरी रोलर हातसुद्धा तितक्याच सहज ओढून घेतात. कुट्टीत हात गेल्याच्या घटना खेड्यापाड्यात सगळ्यांनी ऐकलेल्या आहेत. ज्या घरात लहान मुलं फिरतात त्या अंगणात उघड्या तोंडाची कुट्टी मला अजिबात नको वाटते.

दुसरा स्थानिक पर्याय म्हणजे वर्कशॉपमधे बनवून घेतलेला, मोटर, बेल्ट, आत पाती आणि हातोडे. सोलापूर यंत्रमागाचं गाव, त्यामुळं मोटर रिवाइंडिंगवाले, बेल्ट-बेअरिंगवाले, धार लावणारे हे आपल्याकडं आहेतच, आणि बिघाड झाला तर बाहेरगावाहून पार्ट यायची वाट बघत बसावं लागत नाही. हा खरंच मोठा फायदा आहे. पण असल्या मशीनला तोंड आखूड असतं, गार्ड नसतो, सुरक्षेचा स्विच नसतो. बनवून घेणार असाल तर तोंडाची नळी इतकी लांब करून घ्या की खांद्यापर्यंत हात घातला तरी बोटं पात्याला लागणार नाहीत, बेल्टवर जाळी मारून घ्या, आणि मग पैसे द्या.

पेट्रोलचा विषय थोडक्यात संपवतो. शेत असेल, दोन-तीन एकरावर झाडं असतील, वीज लांब असेल तर घ्या. घरासाठी नको. आवाज, धूर, ऑइल बदला, आणि सहा महिने बंद ठेवलं की कार्बोरेटरमधे जुनं पेट्रोल चिकट होऊन बसतं.

आता वॉट. इथं एक घोळ आहे तो समजून घ्या. आपल्याकडच्या मोटरवर एचपी लिहिलेला असतो तो मोटर बाहेर देते ती ताकद असते, 1 एचपी म्हणजे 746 वॉट. बाहेरून येणाऱ्या श्रेडरवर जे 2500 वॉट असतात ते बहुतेक वेळा मोटर आत किती वीज घेते त्याचे असतात. त्यातलं काही उष्णतेत जातं, म्हणजे 2500 वॉटवाला श्रेडर साधारण 2 ते अडीच एचपीचं काम करतो, 2500 भागिले 746 करून सव्वातीन एचपीच्या वर आहे असं समजू नका. शिवाय त्या आकड्याशेजारी बारीक अक्षरात पी40 किंवा एस6 40 टक्के असं लिहिलेलं असतं, ते नक्की शोधा. त्याचा अर्थ, दहा मिनिटातली चारच मिनिटं मशीननं पूर्ण ताकदीनं कापायचं आणि उरलेली सहा मिनिटं रिकामं फिरायचं, अशा हिशोबानं तो आकडा दिलाय. सलग लोडवर चालायचा आकडा म्हणजे एस1, तो कमी असतो, 2500 चा कधी कधी 2000 होतो. दोन मशीनची तुलना करायची तर एस1 ची एस1 शी करा. आणि आपल्या उन्हात, जिथं मोटरच्या आजूबाजूची हवाच 40 च्या वर असते, तिथं तर मोटरला दम खाऊ देणं अजून गरजेचं. सकाळी आठच्या आत काम उरकावं, मोटरलाही बरं आणि आपल्यालाही.

विजेच्या बिलाची काळजी करू नका. 2500 वॉटचं मशीन तासभर पूर्ण लोडवर चाललं तरी अडीच युनिट. काळजी करायची ती वायरिंगची. 2500 वॉट भागिले 230 म्हणजे जवळपास 11 अँपिअर. हे टीव्हीच्या छोट्या सॉकेटवर चालवायचं काम नाही, गिझर-एसीचा 16 अँपिअरचा मोठा सॉकेट पाहिजे. बिलावर मंजूर भार किती आहे तेही बघून घ्या, एसी आणि पाण्याची मोटर चालू असताना वर श्रेडर लावला तर एमसीबी पडणारच. आणि एक्स्टेंशन. बहुतेक मोटरी इथं मरतात. घरात लग्नकार्यात लाइटिंगला वापरलेली बारीक वायर असते ती लोक लावतात, 25 मीटर, त्यात पंधरा-एक व्होल्ट वायरमधेच जातात आणि वायर गरम होते ते वेगळंच. तांब्याची अडीच स्क्वेअर एमएमची वायर घ्या, तेवढ्याच अंतरात चार-एक व्होल्टच जातील. ड्रमवर गुंडाळलेली असेल तर काम सुरू करायच्या आधी पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर आतल्या आत तापून वितळते.

आणि व्होल्टेज. उन्हाळ्यात दुपारी सगळे एसी-कूलर चालू असतात तेव्हा काही गल्ल्यांमधे व्होल्टेज उतरतं. इंडक्शन मोटरची पिळायची ताकद व्होल्टेजच्या वर्गानं कमी होते, म्हणजे 230 चे 190 झाले तर व्होल्टेज सहाव्या हिश्श्यानं कमी झालं पण ताकद मात्र जवळजवळ एक तृतीयांश गेली. काल जी फांदी कापली ती आज अडकते ती यामुळं. मीटर लावून एकदा आपल्या घरातलं सकाळचं आणि दुपारचं व्होल्टेज बघून ठेवा, मशीनला नावं ठेवण्याआधी.

एक स्विच असा आहे की तो नसेल तर मी मशीन घेऊ नका म्हणेन. लाइट गेली आणि परत आली तर मशीन आपोआप सुरू होता कामा नये, याला नो व्होल्ट स्विच म्हणतात. आपल्याकडं लाइट जाणं नवीन नाही. विचार करा, लाइट गेली, तुम्ही तोंडात अडकलेली फांदी काढायला वाकलात आणि लाइट आली. दुकानातच तपासा, मशीन चालू असताना भिंतीवरचं बटण बंद करायला सांगा आणि परत चालू करायला सांगा, मशीन गप्प राहिलं पाहिजे, हिरवं बटण पुन्हा दाबल्यावरच फिरलं पाहिजे. दुसरा स्विच झाकणाचा, झाकण उघडलं की मोटर बंद. तिसरा ओव्हरलोडचा, मोटर फार तापली की तोडणारा आणि थंड झाल्यावर परत लावता येणारा. स्थानिक मशीनला हे तिन्ही बाहेरून बसवता येतात, खर्च फार नाही. घरात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, असेल तर उत्तम, नसेल तर या निमित्तानं बसवून घ्या, ओल्या जमिनीवर उभं राहून मेटलचं मशीन चालवायचंय.

आवाजाचं म्हणाल तर पात्याच्या मशीनच्या लेबलवर शंभर डेसिबलच्या वरचे आकडे असतात, रोलरचे नव्वदच्या आसपास, आणि दहा डेसिबलचा फरक कानाला साधारण दुप्पट वाटतो. रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांमधे आहे. भिंतीला भिंत लागून घरं असतील तर रोलरच घ्या, किंवा निदान शेजारच्या काकूंना विचारून वेळ ठरवा, दुपारी दोन ते चार तर नाहीच.

चालवताना डोळ्यांना चष्मा पाहिजे, साधा नाही, बाजू झाकणारा. कानात बोळे, हातात चामड्याचे ग्लोव्ह्ज, पायात बूट. साडीचा पदर, ओढणी, गळ्यातलं उपरणं हे सगळं नीट खोचून, खरं तर काढूनच, कारण रोलर फांदी ओढतो तसाच पदरही ओढतो. सामान घालायच्या आधी ढीग हातानं चाळा, त्यात बोगनवेल बांधलेली बाइंडिंग वायर असते, संक्रांतीचा मांजा झाडात अडकलेला असतो, मुरमाचे खडे असतात. वायरचा एक तुकडा पात्याची धार घालवायला पुरेसा आहे आणि मांजा शाफ्टला असा गुंडाळतो की ब्लेड खोलून कापून काढावा लागतो. अडकलं की आधी प्लग काढायचा, बटण बंद केलंय एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही, आणि मग लाकडी काडीनं काढायचं.

काही झाडं मशीनमधे घालूच नका. कण्हेर, लाल असो पांढरी असो की पिवळी बिट्टी असो, सगळीच विषारी, तिचा भुसा नाकातोंडात जाणं बरं नाही आणि चुकून शेळीनं खाल्ला तर शेळी दगावू शकते. रुईचा चीक डोळ्यात उडाला तर डोळ्याला इजा होते. गाजर गवत तर अजिबात नको, अंगाला खाज, दम्याचा त्रास, आणि फुलावर आलेलं असेल तर बी तुम्हीच सगळ्या बागेत पसरवाल.

आता बाहेर पडलेल्या मालाचं. ढीग चौथ्या हिश्श्याच्या आत येतो, हे बघून पहिल्यांदा फार समाधान वाटतं. हा भुसा झाडाच्या आळ्यात दोन ते तीन इंच जाडीचा पसरा, बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडा नाहीतर खोड कुजतं. वाळवीचा त्रास आपल्याकडं आहे, म्हणून घराच्या भिंतीला लागून आणि लाकडी चौकटीजवळ हा थर नको. पाणी आधी द्यायचं, मग आच्छादन, मग पुढच्या वेळी थर बाजूला सारून बोट खुपसून बघा, वरून सगळं कोरडं दिसत असलं तरी खाली माती गार आणि ओली लागते. पाण्याची पाळी लांबवता येते ती यामुळं.

फक्त एक चूक टाळा, लाकडाचा ताजा भुसा मातीत मिसळून टाकू नका. लाकडात कार्बन पुष्कळ आणि नत्र फार थोडं, त्याला कुजवणारे जीवाणू मग मातीतलं नत्र ओढून घेतात आणि झाड पिवळं पडतं. वरून पसरला तर हा त्रास जवळपास होत नाही. कंपोस्टमधे घालायचा असेल तर स्वयंपाकघरातला ओला कचरा किंवा शेण सोबत पाहिजेच, अंदाजे दोन-तीन घमेली भुसा तर एक घमेलं ओलं, आणि वरून ओलं पोतं, कारण आपल्या हवेत खड्डा कुजायच्या आधी वाळतो. रोलरचा माल चिरडलेला असतो, तो लवकर कुजतो, पात्याचा माल सुबक छिलक्यांचा असतो, तो आच्छादन म्हणून जास्त टिकतो. दोन्हीचे गिऱ्हाईक बागेत आहेत.

घ्यायला जाताना आपल्या ढिगातली एक मोळी बांधून घेऊन जा. कडुलिंबाची एक, बोगनवेलीची एक, थोडा पाला. दुकानदार त्याच्याकडची सरळ, सोललेली काठी घालून दाखवेल, तुम्ही म्हणा, दादा हे आमचं घालून दाखवा. तो नाही म्हणाला तर उत्तर मिळालं. मग विचारा, पात्याची जोडी कितीला आणि आत्ता दुकानात आहे का, मोटर कॉपर वाइंडिंगची आहे का, रोलरची प्लेट वेगळी मिळते का, वॉरंटीत पाती धरलीत का (शक्यतो नसतात), बिघाड झाला तर सोलापुरात कोण बघणार का पुण्याला पाठवावं लागणार. ऑनलाइन घेणार असाल तर हेच प्रश्न मेसेज करून विचारा आणि लेखी उत्तर आल्याशिवाय ऑर्डर टाकू नका. तोंडाचं माप पण घ्या, बऱ्याच मशीनचं वरचं तोंड ऐसपैस दिसतं आणि आत फांदीसाठी बोगदा मात्र जेमतेम 40 मिमीचा असतो.

मोठ्या फांद्या तोडायच्या असतील तर आधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी काढा, महाराष्ट्रात शहरातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे आणि झाड आपल्या आवारातलं असलं तरी तो लागू होतो.

माझं मत विचाराल तर असं. मेंदी, जास्वंद, पाला असं मऊ सामान जास्त आणि घर थोडं मोकळ्यावर, तर पात्याचा, 2000 वॉटच्या आसपासचा. कडुलिंब, बोगनवेल, पेरू अशा लाकडी फांद्या जास्त आणि शेजार जवळ, तर रोलरचा, जड असला तरी. दोन्ही सारखंच असेल तर रोलर घ्या आणि पाला पोत्यात तुडवा. एकट्याला परवडत नसेल तर गल्लीत चौघांनी मिळून घ्या, वर्षातून प्रत्येकाचं काम दोन-तीन सकाळींचं असतं, मशीन नाहीतर धूळ खात पडतं. फक्त तेव्हा पात्यांची जास्तीची जोडी पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा आणि धार लावायची पाळी कुणाची हे ठरवून घ्या. पाती बोथट झाल्याची खूण म्हणजे भुशाऐवजी लांब तंतू बाहेर यायला लागतात आणि मोटरचा आवाज जड होतो. तेव्हा लगेच काढून उलटी करा किंवा धारवाल्याकडं द्या, दोन्ही पाती एकाच वेळी आणि सारखीच घासून घ्या, एक हलकं एक जड झालं तर चकती थरथरते आणि बेअरिंग जातं.